पाण्याखाली गेलेलं गाव नकाशावर कसं शोधायचं (उजनीवाल्यांसाठी, बाकी धरणवाल्यांनापण चालेल)

आमचं गाव भीमेवरच्या उजनी धरणात गेलं. पळसदेवच्या आसपासचं, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण भावकीची एक केस अजून चालू आहे आणि कोण काय वाचून कुठं दाखवेल सांगता येत नाही. गाव सोडलं तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा, आता सत्तावन्नचा आहे, आणि गेली चार वर्षं सुट्टीच्या दिवशी हा उद्योग चालू आहे की आपलं घर नेमकं कुठं होतं ते शोधायचं. म्हणजे ‘तिकडं पाण्यात कुठंतरी’ असं नाही, तर इथं उभं राहिलं की इथं उंबरा होता, असं. नवीन पोरं विचारतात, काका आमच्या आजोबांचं गाव पण गेलंय, सुरुवात कुठून करू, म्हणून हे एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट. गूगल मॅप उघडू नका. खरंच नका उघडू, निदान पहिला महिनाभर तरी. मी उघडला आणि त्याची भरपाई अजून झालेली नाही, का ते पुढं सांगतो.

पहिलं काम: कागद, खडू आणि म्हातारी माणसं

घरात ज्यांनी ते गाव मोठेपणी बघितलंय अशी माणसं हयात असतील तर बाकी सगळं सोडून आधी तिथं जा. नकाशे कुठं पळून जात नाहीत, माणसं जातात. आमचे नाना मी ‘दिवाळीत परत निवांत बसू’ म्हणता म्हणता गेले.

बसल्यावर ‘चावडी कुठं होती’ असं विचारायचं नाही, त्याला ‘गावात होती की’ एवढंच उत्तर मिळतं. काम विचारायचं. सकाळी उठल्यावर पाण्याला कुठून जायचीस? दळण कुठं? गुरं कुठल्या पांदीनं जायची? बाजाराला जाताना वेस लागायची का, मग उजव्या हाताला पहिलं कुणाचं घर? माणूस मनात चालायला लागला की नकाशा आपोआप निघतो. बायकांचा आणि बाप्यांचा नकाशा वेगळा असतो हे पण लक्षात ठेवा. आईला आड, नदीचा घाट, कुणाच्या ओट्यावर सावली असायची हे सगळं पाठ, पण मळ्याची शीव विचारली तर म्हणते ते तुझ्या बापाला माहीत. नानांना शिवेचा दगड न् दगड माहीत होता पण आडाकडं जायची बोळ त्यांना सांगता आली नाही, पन्नास पावलांवर असून.

दिशा विचारू नका, ऊन विचारा. आईला पूर्व-पश्चिम काही सांगता येईना, मग विचारलं पाणी घेऊन परत येताना ऊन कुठं लागायचं, तर पटकन म्हणाली, “आरं पाठीवर की. हंड्याची सावली म्होरं पडायची, तिच्यावर पाय देत यायचो.” झालं काम. सकाळी पाठीवर ऊन म्हणजे घराकडं येताना तोंड पश्चिमेला, म्हणजे नदी गावाच्या पूर्वेला. पुढं जुन्या नकाशात बघितलं तर नदी बरोबर पूर्वेला, जराशी उत्तरेकडं झुकलेली.

घरं मांडायला काडेपेट्या घ्या. गच्चीवर खडूनं नदी काढायची, रस्ता काढायचा, आणि म्हाताऱ्या माणसाच्या हातात काडेपेट्या द्यायच्या. कागदावर पेन चालवायला ती माणसं बिचकतात, काडेपेटी मात्र सरकवून सरकवून बरोबर जागेवर आणतात. प्रत्येक वेळी वरून फोटो काढा, आवाज रेकॉर्डिंगला लावून ठेवा. आणि दोघांना एकत्र बसवू नका, ज्याचा आवाज मोठा त्याचा नकाशा खरा ठरतो, दुसरा मान डोलावत बसतो.

आता जरा अवघड मुद्दा आहे पण लिहितो. आमच्या घरच्यांनी मांडलेल्या गावात वेशीबाहेरची दलित वस्ती नव्हतीच. कुणी लपवली असं नाही, त्यांच्या रोजच्या वाटेवर ती आलीच नाही म्हणून काडेपेटी पण पडली नाही. पुनर्वसनात ती कुटुंबं दुसऱ्या गावठाणात गेली, तिथं जाऊन एका आजींना भेटलो, आणि त्यांनी मांडलेल्या नकाशात नदीचा काठ, खालचा ओढा, मसणवाटा असा सगळा खालचा भाग होता जो आमच्यात कोरा होता. त्यांच्याशिवाय माझा अर्धा नकाशा झालाच नसता. तेव्हा फक्त आपल्या भावकीला विचारून थांबू नका.

स्वतःच्या आठवणी पण याच वेळी काढा, कागदावर, तारीख टाकून. अंतरं लहान पोराच्या पायाची असतात हे धरून चला. मला नदी मैलभर लांब आठवत होती, निघाली साडेतीनशे मीटर.

आणि आता गूगल मॅप का नको ते. मी आधी सॅटेलाईटचे फोटो बघितले आणि मग आठवायला बसलो. माझ्या डोक्यात पक्कं होतं की शाळेच्या दारात उभं राहिलं की डाव्या हाताला एक मोठं झाड, बहुतेक वड. जुन्या फोटोत एक काळा गोल ठिपका दिसला तो उजव्या बाजूला. मी म्हणलं, हां, उजव्याच बाजूला होतं. आता मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही की मूळ आठवण डावी होती की मी डावी धरून बसलो होतो. ती गेली. पुसून वर नवीन लिहिल्यासारखं झालंय. वर आई म्हणते शाळेपुढं झाडच नव्हतं, ते झाड तुझ्या मामाच्या गावचं, आणि चिंच होती. म्हणून सांगतो, आधी लिहा, मग बघा. चुकीचं आठवत असेल तरी चुकीचंच लिहा.

दुसरं काम: जुना नकाशा

आपल्याकडं सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीट असतात, म्हणजे नद्या, रस्ते, गावं आणि जमिनीची उंची दाखवणारे नकाशे. जुन्या एक इंचाला एक मैल या मापाच्या, नंतरच्या १:५०,०००. आपल्याला पाहिजे धरणाच्या आधीची. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, म्हणजे शीटवर सर्व्हेचं साल १९७० च्या आतलं दिसलं की समजायचं गाव कोरड्यावर आहे.

शीटचा नंबर काढायला घाबरू नका, गणित सोपं आहे. उत्तर अक्षांश १६ ते २० आणि पूर्व रेखांश ७२ ते ७६ हा सगळा चौकोन म्हणजे ४७ नंबर. त्याचे एक-एक अंशाचे सोळा तुकडे, ए पासून पी पर्यंत, वरून खाली मोजायचे आणि मग पुढच्या रांगेत जायचं. परत प्रत्येक तुकड्याचे तसेच सोळा. या हिशोबानं पळसदेव येतं ४७ जे/१६ मध्ये, त्याच्या वरची भिगवणची ४७ जे/१५ आणि इंदापूर शहर ७५ रेखांश ओलांडतं म्हणून ४७ एन/४. एकदा हातानं काढून बघा, मजा येते.

नवीन शीट सर्व्हे ऑफ इंडियाच्या साईटवर फुकट मिळतात, पण त्यात तलावच दिसणार, आणि नंबर द्यायची पद्धत पण वेगळी आहे. जुन्या शीटसाठी माझा अनुभव असा की तालुक्याच्या कॉलेजात जिथं भूगोल विभाग आहे तिथं जावं. प्रॅक्टिकलला टोपोशीट लागतात, कपाटात जुन्या गुंडाळ्या पडलेल्या असतात, सर चांगले असले तर फोटो काढू देतात. मला तिथंच मिळाली, कडेला चहाचा डाग असलेली, माझं गाव डागाच्या दोन बोटं बाजूला.

घरबसल्या लगेच काही बघायचं असेल तर अमेरिकन लष्करानं १९५० च्या दशकात छापलेली १:२,५०,००० ची भारताची मालिका टेक्सास युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीनं ऑनलाईन टाकलीय. पुणे ज्या शीटमध्ये येतं, एनई ४३-६, त्यातच आपला भीमाकाठ पण येतो. बारीक काही दिसत नाही पण नदीचं मूळ वळण दिसतं, आणि नावांची स्पेलिंग बघून हसू येतं.

गावाच्या आतलं पाहिजे तर भूमी अभिलेखकडं गाव नकाशा मागा. त्यात सर्व्हे नंबर, गावठाणाची हद्द, ओढे, गाडीवाट असं सगळं येतं, टोपोशीटपेक्षा कितीतरी जवळून. आणि भूसंपादनाचा निवाडा, ही चीज बऱ्याच जणांना माहीत नाही. नुकसानभरपाई द्यायची म्हणून तेव्हा संयुक्त मोजणी झाली, त्यात कुणाची विहीर, किती झाडं, घर किती खणाचं, दगडी का मातीचं असं मांडलेलं असतं. आमच्या मळ्यातल्या लिंबाची झाडं सरकारनं मोजलीत आणि आम्ही विसरलोय! माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा, दहा रुपये लागतात. मला एका ऑफिसात फाईल पावसात भिजली म्हणून सांगितलं, मी परत अर्ज केला, अपील केलं, मग ती फाईल वाळली बहुतेक, कारण मिळाली.

१९६१ आणि १९७१ च्या जनगणनेची पुणे जिल्ह्याची पुस्तकं पण काढा, गावातली घरं आणि माणसं किती ते कळतं. इंग्रजांच्या काळातलं गॅझेटियर, मुंबई इलाख्याचा अठरावा खंड, १८८५ चा, त्यात गाव असेल तर चार ओळी मिळतील. नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, आमचं पण नाही.

तिसरं काम: आकाशातून

हा भाग मला सगळ्यात आवडतो. अमेरिकेनं १९६० ते १९७२ या काळात गुप्तहेर उपग्रह सोडले होते, कार्यक्रमाचं नाव कोरोना (हो, तेच नाव, घरात सांगताना जपून, माझी बायको दचकली होती). ते फोटो १९९५ मध्ये खुले केले. त्यांच्या भूगर्भ खात्याच्या अर्थएक्सप्लोरर या साईटवर फुकट खातं काढायचं, आपल्या जागेवर चौकोन काढायचा, डेटा सेटमध्ये ‘डिक्लासिफाईड’ वर टिक करायची आणि शोधायचं. जे फोटो आधीच स्कॅन झालेत ते फुकट उतरतात. स्कॅन नसलेला पाहिजे असेल तर एका फ्रेमचे ३० डॉलर भरावे लागतात, आणि एकदा कुणी भरले की तो सगळ्यांना फुकट होतो, म्हणून आधी दुसऱ्या कुणी पैसे भरलेत का बघा. आम्ही चार चुलत भावांनी वर्गणी काढली, धाकट्याची अजून यायचीय.

शेवटच्या काळातल्या चांगल्या फोटोत दोनेक मीटरची वस्तू कळते. म्हणजे दार-खिडकी नाही दिसणार, पण वाडा, मोठी विहीर, झाड, पांद एवढं दिसतं. काळ्या-पांढऱ्या फोटोत गाव ओळखायची खूण म्हणजे पांढरी. आपले लोक गावठाणाला पांढरी आणि शेतीला काळी उगाच म्हणत नव्हते, माळवदाच्या मातीची घरं, राख, वापरलेली जमीन हे सगळं मिळून फोटोत फिक्कट डाग दिसतो आणि भोवती काळी रानं. फिक्कट डाग, त्यातून बाहेर निघणाऱ्या बारीक पांढऱ्या रेघा म्हणजे पांदी. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतं.

कोरोनाचा फोटो नाहीच मिळाला तर लँडसॅट हा अमेरिकेचाच उपग्रह आहे, १९७२ पासूनचा, त्याच साईटवर. पण त्यात गाव म्हणजे दोन-चार ठिपके. धरण भरायच्या आधीची नदी बघायला बरा.

चौथं काम: जुनं नव्यावर बसवणं

कॉम्प्युटरवर गूगल अर्थ प्रो घ्या, फुकट आहे, मोबाईलवालं नाही चालणार. त्यात ‘इमेज ओव्हरले’ नावाचा प्रकार आहे, आपला जुना नकाशा त्यात टाकायचा, हिरव्या कोपऱ्यांना धरून ओढायचा, आणि पारदर्शकपणाची पट्टी मागंपुढं करत खालच्या आजच्या फोटोशी जुळवायचा. निदान चार-पाच अशा खुणा धरा ज्या तेव्हा पण होत्या आणि आज पण त्याच जागी आहेत. टेकडीचा माथा, पाण्याच्या वर राहिलेल्या जुन्या देवळाचं शिखर, ओढा जिथं वळतो ती जागा. पळसनाथाच्या जुन्या देवळाचं शिखर आमच्या भागात सगळ्यांच्या कामाला येतं.

इथं दोन खड्डे आहेत, दोन्हीत मी पडलोय. एक, रेल्वे लाईनवर विश्वास ठेवू नका. धरणामुळं पुणे-सोलापूर लाईन या भागात हलवली, डिकसळचा जुना पूल हा मूळ रेल्वेचा, मग त्यावरून गाड्या-मोटारी जायला लागल्या. मी जुन्या नकाशातली लाईन आजच्या लाईनवर बसवली आणि माझं अख्खं गाव सरकून भलत्याच शिवारात जाऊन बसलं, दोन महिने मी दुसऱ्याच्या गावात घर शोधत होतो. दुसरा खड्डा अक्षांश-रेखांशाचा. जुन्या शीटवरचे आकडे वेगळ्या मोजणीवर आहेत, ते तसेच मोबाईलच्या जीपीएसमध्ये टाकले तर आपल्या भागात शे-दीडशे मीटर फरक पडतो. शे-दीडशे मीटर म्हणजे वरच्या आळीचा माणूस नदीत. म्हणून आकडे टाकायच्या फंदात पडू नका, खुणांवरच जुळवा. ज्यांना कॉम्प्युटर येतो त्यांनी क्यूजीआयएस हा नकाशे जुळवायचा प्रोग्राम शिकावा, मला पोराने शिकवलं, अजून निम्मंच कळतं.

जुळलं की मग आईच्या काडेपेट्यांचा फोटो काढा आणि शेजारी ठेवा. आमचं आड आणि देऊळ बरोबर बसलं, खालची आळी पूर्ण उलटी निघाली. मी आईला सांगितलं नाही.

पाचवं काम: पाणी कधी उतरतं ते बघणं

उजनी पूर्ण भरली की पाण्याची पातळी ४९६.८३ मीटर, म्हणजे जुन्या फुटात बरोबर १६३० फूट. उपयुक्त पाणी संपलं, पेपरात ‘शून्य टक्के’ येतं तेव्हा पातळी ४९१.०३ मीटर, १६११ फूट. त्याच्या खाली मायनस. धरणात एकूण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) मावतं आणि त्यातलं ६३ च्या आसपास मृत साठ्यातलं, म्हणजे शून्याच्या खालचं, म्हणून तर उजनी एवढी खोल मायनसमध्ये जाऊ शकते. मायनसची टक्केवारी वरच्या ५३-५४ टीएमसीवर काढतात, म्हणजे मायनस ५० म्हणजे मृत साठ्यातलं २६-२७ टीएमसी गेलं.

आता टोपोशीट घ्या. जुन्या एक इंचवाल्या शीटवर पन्नास-पन्नास फुटांच्या उंचीच्या रेषा असतात. तुमचं गावठाण १६५० च्या रेषेच्या वर असेल तर ते बुडालंच नाही, तुम्ही चुकीचं गाव बघताय. १६०० च्या जवळ असेल तर शून्य टक्क्याला पण दिसणार नाही, चांगलं खोल मायनस लागेल. आमचं तसंच आहे. २०१६, २०१९ आणि २०२४ चे उन्हाळे या बाबतीत चांगले, म्हणजे शेतकऱ्याला वाईट आणि आमच्यासारख्याला चांगले, हे म्हणताना कसंतरीच वाटतं पण आहे ते आहे. कोपर्निकस ब्राउझर म्हणून युरोपची साईट आहे, त्यावर सेंटिनेल-२ या त्यांच्या उपग्रहाचे फोटो फुकट बघता येतात, दहा मीटरचे. मे महिन्याची तारीख टाका, ढग नसतात, आणि आपली जागा उघडी आहे का बघून घ्या, मगच गाडी काढा.

दुसऱ्या धरणाच्या लोकांसाठी थोडक्यात. जायकवाडीवाल्यांना कोरोनाचे फोटो उपयोगी पडतील, धरण १९७६ चं आहे. कोयनेची दरी खोल, तिथं गाव वर येईल ही आशा कमी ठेवा. मुळशीचं पाणी १९२० च्या दशकातलं, तिथं आकाशातला फोटोच नाही, जुनी शीट आणि गाव नकाशा एवढंच. गोव्यात साळावली धरणातलं कुर्डी, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव, उन्हाळ्यात वर येतं आणि जुने लोक तिथं जमतात, त्यांचा हेवा वाटतो.

जाताना

एकटं जाऊ नका. गाळ वरून वाळलेला, भेगा पडलेला दिसतो आणि खाली लोण्यासारखा असतो, गुडघ्यापर्यंत गेलात तर पाय निघतो पण बूट निघत नाही. हातात काठी, आधी काठी रोवायची मग पाय. पाणी उतरलं की लोक गाळपेर करतात, त्या पिकातून विचारल्याशिवाय चालायचं नाही, तुमचा उंबरा शोधायला त्यांचं कलिंगड तुडवू नका. बोटीनं जायचं तर लाईफ जॅकेट असेल तरच, आणि दुपारच्या आत परत. मे २०२४ मध्ये कळाशी-कुगावच्या मध्ये संध्याकाळी वादळी वाऱ्यात बोट उलटली, सहा जण गेले. मे महिन्यात दुपारनंतर वळवाचं काही सांगता येत नाही. परत येताना भिगवणला चिलापी खा, तेवढं चालतं.

जुळवलेल्या नकाशाचा फोटो मोबाईलमध्ये घेऊन जा, पण एक प्रिंट पण, कारण उन्हात स्क्रीन दिसत नाही. तिथं गेल्यावर नुसती दगडी जोती दिसतात, सगळी सारखी. मी नकाशाप्रमाणे जाऊन उभा राहिलो, म्हणलं हेच, फोटो काढला आणि काठावर गाडीत बसलेल्या आईला पाठवला. आई ब्याऐंशीची, गाळात कुठं आणणार. तिचा लगेच फोन.

“हे न्हवं आपलं. हे पलीकडच्यांचं. आपल्याला तीन पायऱ्या हुत्या.”

“आई, नकाशात हेच येतंय.”

“मग नकाशा सरकव. नदीकडं तोंड कर, डाव्या हाताला दोन जोती सोड.”

दोन जोती सोडली. तिथं दोन पायऱ्या होत्या. सांगितलं तिला, दोनच आहेत. म्हणाली तिसरी खाली असंल, उकर की. आता गाळ पण वाळून दगड झालेला आणि माझ्याकडं काठीशिवाय काही नाही. तेव्हा सामानात खुरपं टाका, माझ्या यादीत नव्हतं.